डिजिटल चित्रावर अभिप्राय कसा द्यावा: बडोद्याच्या रविवारच्या बैठकीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजारातल्या एका जुन्या घराच्या माडीवर आम्ही काही मंडळी दर रविवारी जमतो आणि टॅबलेटवर, फोनवर, लॅपटॉपवर काढलेली चित्रं एकमेकांना दाखवतो. बहुतेक जण मराठी, काही गुजराती, एखाददुसरे फाइन आर्ट्सचे विद्यार्थी, बाकी नोकरी-घर सांभाळून चित्र काढणारे. नवं माणूस आलं की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. ही मतं लिहिणाऱ्याची आहेत. बैठकीतल्या सगळ्यांना ती पटतातच असं नाही.

मला स्वतःला चित्र काढता येत नाही. मी बोललं तर चालेल का?

चालेल, आणि तुमची गरजही आहे. चित्रकार तेच चित्र आठवडाभर बघत असतो, त्यामुळे पहिल्या नजरेत काय दिसतं हे त्याला आता कळू शकत नाही. ते तुम्हालाच कळतं. डोळा आधी कुठे गेला, मग कुठे वळला, कुठे अडखळला, कोण काय करतंय हे लगेच कळलं की विचारावं लागलं, एवढंच सांगा. “मला आधी तो पिवळा कंदील दिसला, मुलगी नंतर दिसली” हे वाक्य बोलायला चित्रकला शिकावी लागत नाही. मुलीचं चित्र काढायला बसलेल्या माणसाला मात्र त्यातून बरंच काही कळतं.

उपाय सुचवण्याची घाई मात्र करू नका. काय खटकतंय हे बघणाऱ्याला बरोबर कळतं, पण ते कशामुळे खटकतंय याचा अंदाज बऱ्याचदा चुकतो. “हात लांब वाटतोय” म्हणतात, आणि हात बरोबर असतो, खांदा खाली आलेला असतो.

चित्र समोर आलं. सुरुवात कुठून करू?

आधी बघा. मग विचारा. हे कशासाठी आहे, कुठल्या टप्प्यावर आहे आणि तुला नेमकं कशाबद्दल ऐकायचं आहे, एवढं विचारल्याशिवाय अभिप्राय द्यायला तोंड उघडू नये अशी आमच्याकडे पद्धत आहे.

कशासाठी, हे विचारायचं कारण असं की गणेश मंडळाच्या फ्लेक्सचं चित्र, दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाचं चित्र आणि हात बसावा म्हणून केलेला सराव यांना एकच माप लावता येत नाही. मुखपृष्ठावर वरची जागा नावासाठी मोकळी सोडावी लागते. ते ठाऊक नसेल तर तुम्ही हमखास म्हणाल, “वर खूप रिकामं वाटतंय.”

टप्प्याचं तर फारच महत्त्व आहे. कच्च्या रेखाटनावर रचनेबद्दल बोला: आकृती कुठे उभी आहे, कडेला काय कापलं जातंय, नजर कुठून आत येते. तेव्हा डोळ्यांतल्या चमकेबद्दल बोलणं म्हणजे भिंती उभ्या राहायच्या आधी पडद्यांचा रंग ठरवणं. उलट पूर्ण झालेल्या, उद्या पाठवायच्या चित्रावर “मी असतो तर आकृती डावीकडे घेतली असती” हे सांगून काय उपयोग? डिजिटलमध्ये हलवणं सोपं असतं असा एक समज आहे. आकृती आणि मागची पार्श्वभूमी वेगवेगळ्या लेयरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांवर, असतील तर खरंच सोपं आहे. पण प्रोक्रिएट या आयपॅडवरच्या चित्रकलेच्या ॲपमध्ये कॅनव्हास जितका मोठा तितके लेयर कमी मिळतात. त्यामुळे मोठ्या आकाराचं चित्र करणारे लेयर एकत्र करत पुढे जातात. तिथे आकृती सरकवली की मागे आकृतीच्या आकाराचं भोक पडतं आणि तेवढा भाग नव्यानं रंगवावा लागतो. म्हणून “हे हलव” म्हणण्याआधी “लेयर सुटे आहेत का?” हे विचारा. या एका प्रश्नानं समोरच्यालाही कळतं की तुम्ही त्याच्या मेहनतीचा हिशोब धरून बोलताय.

“छान आहे”, “बऊ सरस छे” एवढं म्हटलं तर पुरे नाही का?

माणूस खूश होतो, तेवढं पुरे असेल तर पुरे. पण पुढच्या चित्रात ती चांगली गोष्ट पुन्हा आणायची असेल तर ती कोणती हे त्याला कळायला हवं.

मध्यंतरी एका मुलीनं रात्रीचा सूरसागर काढून आणला. तलाव, मधली शंकराची मूर्ती, काठावरचे दिवे. सगळे “सरस, सरस” म्हणाले. मग एका ताईंनी सांगितलं, “आकाश तू काळं न करता जांभळटसर ठेवलंस, त्यामुळे दिवे जास्त पेटल्यासारखे वाटतात. आणि काठावरच्या माणसांना चेहरे दिले नाहीस ते बरं केलंस, नजर मूर्तीवर राहते.” मुलीनं हे लिहून घेतलं. त्याच ताई पुढे म्हणाल्या, “पाण्यातले दिवे मात्र सावलीसारखे तिरके गेलेत. प्रतिबिंब दिव्याच्या सरळ खाली पडतं, लाटांमुळे बघणाऱ्याकडे लांबत येतं, पण बाजूला सरकत नाही. संध्याकाळी काठावर उभी राहून एकदा बघ.” चूक नेमकी दाखवली, तिचं कारण दिलं आणि खात्री कुठे करायची तेही सांगितलं. अभिप्राय असा असावा. कौतुक नेमकं होतं म्हणून पुढची चूकही त्या मुलीनं सहज ऐकून घेतली.

चूक कुठली आणि माझी आवड कुठली, हे कसं ओळखायचं?

चित्राला स्वतःला काय व्हायचं आहे ते धरून बोला. सगळ्यात जास्त वाद याच प्रश्नावर होतात, म्हणून इथे जरा सविस्तर.

कोणी नऊवारी नेसलेली लेझीमवाली मुलगी मागून काढली आणि साडी सहावारीसारखी सरळ खाली सोडली, तर ती चूक. नऊवारीत निऱ्यांचा भाग दोन्ही पायांतून मागे नेऊन कमरेशी खोचतात. म्हणून मागून मधोमध काष्टा दिसतो आणि दोन्ही पायांचे आकार वेगवेगळे कळतात. लेझीम खेळताना पाय फाकतात तेव्हा तर हे हमखास दिसतं. चित्रकाराला नऊवारीच दाखवायची होती, चित्रात ती दिसत नाही, तेव्हा सांगायलाच हवं. पण साडीचा रंग गुलाबी घेतला आणि तुम्हाला हिरवी आवडते, तर ते तुमच्यापाशी ठेवा.

अवघड असतं ते मधलं सगळं. ॲनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टूनच्या, शैलीत डोळे मोठे असतात, नाक दोन रेघांत संपतं. तिथे “डोळे प्रमाणाबाहेर आहेत” म्हणणाऱ्यानं ती शैली बघितलेलीच नाही. पण त्याच शैलीत एक डोळा दुसऱ्यापेक्षा वर चढला असेल तर ती चूकच, कारण चित्राच्या स्वतःच्या नियमातही ते बसत नाही. पर्स्पेक्टिव्हचंही, म्हणजे लांबचं लहान आणि जवळचं मोठं दाखवण्याच्या पद्धतीचंही, तेच. जुन्या शहरातल्या मांडवीचा चौरस मंडप कोणी कॅमेऱ्यातून दिसतो तसा काढायला घेतला आणि कमानींच्या रेघा दोन वेगवेगळ्या क्षितिजांकडे धावायला लागल्या, तर दाखवा. आणि कोणी तो जाणूनबुजून सपाट, भित्तिचित्रासारखा काढला असेल तर पर्स्पेक्टिव्हचं नाव काढू नका. कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाडांच्या स्मारकात, नंदलाल बोसांनी १९३९ ते १९४६ या काळात केलेली भित्तिचित्रं आपल्या गावातच आहेत. त्यांत कॅमेऱ्याचं पर्स्पेक्टिव्ह शोधत कोणी बसत नाही.

बडोद्यात राहून तर एक गोष्ट विसरूच नये. फाइन आर्ट्समध्ये १९५० पासून चित्रकला शिकवणारे ना. श्री. बेंद्रे मूळचे इंदूरचे, मराठी. त्यांच्या हाताखाली ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख, जी. आर. संतोष शिकले. या तिघांची चित्रं शेजारी शेजारी ठेवा. एकाचं दुसऱ्यासारखं नाही, आणि बेंद्र्यांसारखं तर कुणाचंच नाही. अभिप्राय दिल्यानंतर समोरच्याचं चित्र तुमच्या चित्रासारखं दिसायला लागलं असेल, तर तुमचं कुठेतरी चुकतंय.

शब्द कसे वापरावेत? आधी गोड, मग कडू, शेवटी पुन्हा गोड, असं करावं का?

मला ती पद्धत पटत नाही. ती आता सगळ्यांना पाठ झाली आहे. “रंग सुंदर आहेत…” म्हटलं की समोरचा “पण” कधी येतो याचीच वाट बघतो आणि रंगांचं कौतुक वाया जातं. जे चांगलं आहे ते वेगळं सांगा, मनापासून सांगा, आणि जे खटकतंय ते सरळ सांगा.

एवढं मात्र पाळा: बोलणं चित्राबद्दल असू द्या, माणसाबद्दल नको. “तुला हात जमत नाहीत” आणि “या हाताचा अंगठा करंगळीच्या बाजूला आलाय” यांतलं दुसरं वाक्य जास्त स्पष्ट आहे आणि कमी लागतं. मऊ बोलायचं म्हणून मोघम बोलू नका. “काहीतरी मिसिंग आहे”, “पंच नाही”, “जरा फ्लॅट वाटतंय” असं ऐकून माणूस घरी जाऊन रात्रभर काय काय बदलत बसतो आणि होतं तेही बिघडवतो. फ्लॅट म्हणजे उजेड एका बाजूनं येत नाही असं वाटतंय, की मागचं आणि पुढचं सारखंच ठळक आहे, की कडा सगळीकडे सारख्याच धारदार आहेत? यातलं जे वाटतंय ते बोला.

आणि “साधी गोष्ट आहे”, “एवढं तर येतंच” असे शब्द नकोत. येत असतं तर त्यानं केलं असतं.

एका चित्रावर किती गोष्टी सांगाव्यात?

एक-दोन. त्यातली मोठी आधी. विचारलं तर पुढच्या सांगा.

रंग मला विचित्र वाटतायत. सांगू का?

आधी स्वतःचा फोन तपासा. नाइट शिफ्ट किंवा डोळ्यांना आराम देणारा मोड चालू असेल तर सगळं पिवळट दिसतं. आयपॅडवरचा ट्रू टोन खोलीतल्या उजेडाप्रमाणे पांढरा रंग बदलतो. ब्राइटनेस खाली असेल तर गडद भागांतलं काम दिसतच नाही. शिवाय चित्र व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलं असेल तर ते दाबून लहान झालेलं असतं. बारीक रेघा आणि रंगांच्या हलक्या छटा त्यात फाटतात. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवली की मूळ चित्र मिळतं. “तुझ्या आकाशात पट्टे पडलेत” असं सांगून मोकळं झाल्यावर ते पट्टे चित्रात नव्हतेच असं निघालं, तर दोघांचाही वेळ गेला.

एवढं करूनही रंग खटकत असतील, तर बऱ्याचदा दोष रंगाचा नसून उजळ-गडदाचा असतो. ते दाखवायची सोपी युक्ती आहे. चित्राच्या सगळ्यात वर एक नवा लेयर घ्यायचा, तो काळ्यानं भरायचा आणि त्याचा ब्लेंड मोड, म्हणजे खालच्या लेयरमध्ये मिसळण्याची पद्धत, ‘कलर’ करायचा. चित्र करड्या छटांत दिसायला लागतं. लेयर बंद केला की पुन्हा रंगीत. सॅच्युरेशन, म्हणजे रंगाची तीव्रता, शून्यावर आणून हे करू नका. फोटोशॉपमध्ये तसं केलं की शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा दोन्ही एकाच करड्याचे होतात. आपल्या डोळ्याला मात्र पिवळा कितीतरी उजळ दिसतो.

नवरात्रानंतर गरब्याची चित्रं येतात तेव्हा याचा खरा उपयोग होतो. लाल चणियाचोळीतली मुलगी पुढे, मागे हिरव्या-जांभळ्या कपड्यांतली गर्दी. रंगीत बघताना मुलगी उठून दिसते असं काढणाऱ्याला वाटतं. करड्यात बघितलं की ती गर्दीत विरघळते, कारण लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच गडद घेतलेले असतात. इथे तुम्हाला वेगळं काही बोलावंच लागत नाही. लेयर चालू-बंद करून दाखवा. काय करायचं ते ज्याचं त्याला सुचतं: कोणी गर्दी अंधारात ढकलतं, कोणी मुलीच्या अंगावर उजेड टाकतं.

त्यांच्या चित्रावरच काढून दाखवलं तर पटकन कळेल. चालेल का?

विचारून. प्रत्येक वेळी विचारून. दुसऱ्याच्या चित्रावर न विचारता स्टायलस चालवणं म्हणजे ते आपण ताब्यात घेतलं, असंच वाटतं. भावना तर दुखावतातच, शिवाय शिकणं थांबतं. तुमची सफाईदार रेघ दिसली की तो ती गिरवतो, आणि स्वतःची रेघ का चुकली याचा विचारच करत नाही.

परवानगी मिळाली तर फाइलची प्रत घ्या, नवा लेयर घ्या आणि एखाद्या झगझगीत रंगात फक्त दिशा दाखवा: खांद्याची तिरपी रेघ, डोक्याचा अक्ष, उजेडाचा बाण. रंगवून देऊ नका. काम झालं की प्रत पुसून टाका आणि ती कुणाला पुढे पाठवू नका.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे चित्र आडवं उलटवून दाखवणं. कृता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये एम हे अक्षर दाबलं की आरशातल्यासारखं दिसतं. प्रोक्रिएट, फोटोशॉपमध्येही सोय आहे. उलटं झालं की कलंडलेला चेहरा, वर चढलेला डोळा काढणाऱ्याला स्वतःलाच दिसतो आणि तो म्हणतो, “अरे बापरे.” तुम्ही नुसतं शेजारी बसायचं.

चित्र फोटोवरून ट्रेस केलंय किंवा एआयनं बनवलंय असा संशय आला तर?

चारचौघांत आरोप करू नका. “रेफरन्स कुठला वापरलास?” एवढं सहज विचारा. बहुतेक जण खरं सांगतात, आणि ट्रेस करून सराव करणं हा काही गुन्हा नाही. प्रोक्रिएट चित्राचा टाइमलॅप्स, म्हणजे ते कसं काढलं गेलं याचा वेगवान व्हिडिओ, आपोआप नोंदवतं. कोणी स्वतःहून दाखवला तर बघायला मजा येते. पण पुराव्यासाठी तो मागायचा नाही. बैठक म्हणजे पोलीस चौकी नव्हे.

विकायचं किंवा छापायचं चित्र असेल तर मात्र बाजूला घेऊन स्पष्ट सांगा. छायाचित्रालाही १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण आहे. दुसऱ्याचा फोटो जसाच्या तसा गिरवून मग वर डिजिटल ब्रश फिरवला म्हणून तो आपला होत नाही. राजा रविवर्म्याचं निधन झालं १९०६ मध्ये, त्यामुळे त्याच्या चित्रांची मुदत कधीच संपली. सयाजीराव गायकवाडांसाठी त्यानं १४ पौराणिक चित्रं केली होती. आपल्याकडच्या फत्तेसिंग म्युझियममध्ये त्याचं काम बघायला मिळतं. हवं तर त्यावरून शिका, मात्र कशावरून केलं ते सांगा.

एआयचं म्हणाल तर आमच्याकडे एवढीच अट आहे की ते आधी सांगायचं. मशिननं काढलेल्या बोटांवर आमच्यापैकी कुणालाच शारीररचनेचा धडा द्यायचा नाही.

मोठ्या माणसांना कसं सांगायचं? ते आपल्यापेक्षा कितीतरी वर्षं काढतायत.

आमच्याकडे एक निवृत्त चित्रकला शिक्षक येतात. सगळे त्यांना सर म्हणतात. जलरंगांत त्यांचा हात असा की बघत राहावं. मुलीनं टॅबलेट घेऊन दिल्यावर त्यांच्या रेघा थरथरायला लागल्या आणि “वय झालं” म्हणून ते गप्प बसले. एका कॉलेजच्या मुलानं विचारलं, “सर, तुम्ही रेघ सावकाश काढता का? काच गुळगुळीत असते, त्यावर सावकाश रेघ डगमगतेच. इथे स्टॅबिलायझेशन, म्हणजे रेघ आपोआप सावरणारी सोय, थोडं वाढवून बघता का?” सरांनी बघितलं आणि त्यांची रेघ परत आली.

मोठ्यांच्या बाबतीत बऱ्याचदा असंच असतं. कलेत ते आपल्या पुढे असतात, साधन नवं असतं. तेव्हा साधनाबद्दल मोकळेपणानं सांगा. चित्राबद्दल सांगायचं असेल तर प्रश्न विचारा, “काका, इथे उजेड दोन बाजूंनी घेतलाय तो मुद्दाम का?” मुद्दाम असेल तर आपल्याला काहीतरी शिकायला मिळतं. नसेल तर त्यांना ते आपोआप कळतं. अहो-जाहो सांभाळा, पण आदर म्हणून खोटं कौतुक करू नका. ते त्यांना लगेच कळतं, आणि जास्त लागतं.

आणि लहान मुलांना?

आईच्या फोनवर बोटानं काढलेलं चित्र घेऊन मूल आलं तर आधी त्याला चित्रातली गोष्ट सांगू द्या. मग “हा कोण?”, “तो पळतोय का?” असं विचारा. शारीररचना, पर्स्पेक्टिव्ह काही नको. त्यानं स्वतःहून “मला घोडा जमत नाही” म्हटलं तर घोड्याचा मागचा पाय कसा वाकतो ते दाखवा. आई-बाबांनी शेजारून “अगं, घर नीट काढ की” म्हणू नये, ही नम्र विनंती.

चित्र छापायचं असेल तर वेगळं काय बघावं?

हे शेवटी सांगून उपयोग नसतो, पहिल्याच टप्प्यावर सांगा. ए३ आकाराचं चित्र ३०० पीपीआयनं, म्हणजे दर इंचाला ३०० पिक्सेलनं, छापायचं तर कॅनव्हास साधारण ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल हवा. फोनच्या पडद्याच्या मापावर केलेलं चित्र नंतर ताणलं की रेघा धूसर होतात. लांबून बघायच्या फ्लेक्सला एवढी घनता लागत नाही, त्यामुळे मंडळाच्या पोस्टरवरून कुणाला घाबरवू नका. दुसरं, पडद्यावरचे झगझगीत हिरवे, निळे, गुलाबी छापखान्याच्या चार शाईंत तसे उतरत नाहीत, मळकट होतात. सगळं चित्र अशाच एका रंगावर उभं असेल तर लगेच बोला आणि एक छोटी नमुना प्रत काढून बघायला सांगा.

मी इतकं समजावून सांगितलं, त्यानं काहीच बदललं नाही. राग येतो.

चित्र त्याचं आहे. पुढच्या चित्रात बघा. अभिप्राय कधी कधी एक चित्र उशिरा पोचतो. आणि मुळीच पोचला नाही तरी तुमची नजर तयार झालीच.

माणूस रडवेला झाला तर?

थांबा. पुढचे मुद्दे राहू द्या, चहा मागवा. सगळ्यांनी मिळून समजूत काढायला जाऊ नका, त्यानं जास्त अवघडल्यासारखं होतं. एकानंच नंतर, निघताना, हळूच विचारावं की पुढच्या वेळी फक्त दाखवायचंय की ऐकायचंही आहे. “आज नुसतं दाखवायला आणलंय” असं म्हणण्याची मुभा आमच्याकडे सगळ्यांना आहे, आणि जुनी मंडळीही ती घेतात.

मराठीत बोलू की गुजरातीत?

ज्याचं चित्र, त्याला कळेल त्या भाषेत. माडीवर एका वाक्यात दोन्ही चालतात.

पहिल्यांदा येताना काय आणू?

एक चित्र, अर्धवट असलं तर उत्तम, कारण बदलायला वाव असतो. मूळ फाइल लेयरसकट आणा, नुसता जेपीजी नको. चार्जर आणा, माडीवर प्लग कमी आहेत, एक्स्टेंशन बोर्ड असेल तर तोही. चित्र कशासाठी आणि काय ऐकायचंय हे दोन ओळींत आधी ठरवून या. गाडी गल्लीत लावू नका, शेजारचे काका हवा काढतात.